जर्मन सिग्नल्स बटालियनचं नाव इतक्यांदा का बदललं?

प्रश्न असा आहे: जर्मनीत आयफेलच्या डोंगराळ भागात गेरोल्स्टाइन नावाचं गाव आहे आणि तिथे लष्कराची २८१ क्रमांकाची बटालियन आहे. तिच्या जातीच्या तुकड्यांना जुन्या कागदांत 'फेर्नमेल्डे' म्हणजे दूरसंचार बटालियन म्हटलेलं सापडतं, पुढे 'फ्यूरुंग्सउंटरश्ट्युत्सुंग' म्हणजे नेतृत्व-साहाय्य बटालियन, आणि हल्ली 'इन्फॉर्मेशनटेक्निक' बटालियन. तर ही तुकडी नेमकं करते काय, नाव सारखं का बदलतं, आणि तिची मुळं महायुद्धांतल्या जर्मन तुकड्यांपर्यंत पोचतात का?

आधी थोडक्यात सांगतो. काम एकच आहे: सेनापती जिथे बसला असेल तिथून त्याचा हुकूम खाली पोचवायचा आणि खालची खबर वर आणायची. यंत्रं बदलली म्हणून नाव बदललं, हे अर्धंच खरं. ही माणसं कोणाच्या हाताखाली ठेवायची, हा निर्णय दर पिढीत फिरला, आणि नाव त्याच्या मागोमाग फिरलं. मी भारतीय लष्कराच्या सिग्नल्समध्ये उमेदीची वर्षं काढली. आमची कोअर, म्हणजे शाखा, १५ फेब्रुवारी १९११ ची, आणि हा वाद आमच्याकडेही होताच: प्रत्येक डिव्हिजन कमांडरला 'माझे सिग्नल्स' हवे असतात, आणि मुख्यालयात बसलेल्यांना ते सगळे एका छत्राखाली गोळा करायचे असतात. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. जर्मनांनी ही दोन्ही टोकं गाठून पाहिली, म्हणून त्यांचा इतिहास बघण्यासारखा आहे.

सुरुवात प्रशियापासून करावी लागते. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी लढताना प्रशियाचा सेनाप्रमुख थोरल्या मोल्टकेने रेल्वे आणि तार यांच्या जोरावर फौजा वेगवेगळ्या वाटांनी आत घुसवल्या. बर्लिनमधून सीमेपर्यंत तार उत्तम चालली. पण क्योनिगग्रेट्सच्या लढाईच्या आदल्या रात्री, २ जुलैला, युवराजाच्या दुसऱ्या सैन्याला 'ताबडतोब निघा' हा हुकूम धाडायची वेळ आली तेव्हा तिथपर्यंत तार नव्हती. फिंकेनश्टाइन नावाचा अधिकारी रात्रभर घोडा दामटत गेला आणि पहाटे चारच्या सुमारास क्योनिगिनहोफला पोचला. दुपारी युवराजाचं सैन्य मैदानात उतरलं आणि लढाई फिरली. वर बसलेल्यांची तार पक्की आणि पुढे निघालेल्या फौजेची कच्ची, हे दुखणं जर्मनांना तेव्हापासूनचं.

इतकं होऊनही तारेचं काम बरीच वर्षं इंजिनिअर पलटणींच्या पदरात राहिलं. स्वतंत्र टेलिग्राफ बटालियन झाल्या त्या १८९९ साली, बर्लिन, ओडरकाठचं फ्रँकफुर्ट आणि कोब्लेंट्स इथे तीन. यातल्या कोब्लेंट्सच्या बटालियनमध्ये १९१२ साली हाइन्ट्स गुडेरियान नावाचा एक तरुण लेफ्टनंट आला. त्याच्याकडे नंतर येऊ.

१९१४ चा सप्टेंबर मात्र तपशिलात सांगायलाच हवा. जर्मन सरसेनापती धाकटा मोल्टके लक्झेम्बर्गमध्ये बसलेला. उजव्या टोकाची दोन सैन्यं, क्लूकचं पहिलं आणि ब्यूलोचं दुसरं, पॅरिसच्या बाजूला मार्न नदीपर्यंत गेलेली. मागे बेल्जियममधल्या तारा तुटलेल्या आणि नव्या टाकणारे हात अपुरे. सगळा भार वायरलेसवर आला. सेट मोजके, शत्रूचा गोंगाट अफाट, सांकेतिक लिपी लिहायला आणि उलगडायला वेळ. एकेका संदेशाला तासन्‌तास लागत, आणि लक्झेम्बर्गला हाती पडेपर्यंत तो शिळा झालेला असे. ही दोन सैन्यं आपसातही नीट बोलत नव्हती आणि त्यांच्यामध्ये खिंडार पडलेलं. शेवटी मोल्टकेने ८ सप्टेंबरला लेफ्टनंट कर्नल हेंच याला मोटारीत बसवून धाडलं. तो एकेका मुख्यालयात थांबत ब्यूलोकडे पोचला, तिथलं घाबरलेलं वातावरण पाहिलं, दुसऱ्या दिवशी मारॉयला पहिल्या सैन्याच्या मुख्यालयात गेला. खुद्द क्लूकला भेटलाही नाही. त्याचा चीफ ऑफ स्टाफ कूल याच्याशी बोलला आणि माघारीचं ठरलं. एका लेफ्टनंट कर्नलच्या तोंडी निरोपावर दोन सैन्यं मागे फिरली. इतिहासकार आजही हेंचला किती अधिकार होता यावर भांडतात. सिग्नल्सवाल्याचा प्रश्न वेगळा असतो: त्याला मोटारीतून जावंच का लागलं?

गंमत अशी की त्याच महिन्याभरात पूर्वेला जर्मन सिग्नल्सनी नाव कमावलं होतं. टॅननबर्गच्या वेळी रशियन सेनापती आपले हुकूम वायरलेसवर उघड्या भाषेत पाठवत होते आणि क्योनिग्सबेर्ग व थोर्नच्या किल्ल्यांतली जर्मन केंद्रं ते निवांत लिहून घेत होती. दुसऱ्याचं ऐकण्यात पटाईत आणि स्वतःच्या माणसांशी बोलण्यात अडखळणारे, असं त्या वर्षीचं चित्र होतं.

ऐकण्याची ही विद्या पुढे खंदकांत आणखी वाढली. तेव्हाच्या फील्ड टेलिफोनची लाइन बहुधा एकाच तारेची असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. तार कमी लागते, टाकायला सोपी. पण जमिनीतून परतणारा प्रवाह पसरतो. शत्रूच्या खंदकाजवळ दोन खुंट्या जमिनीत ठोकून मधे अँप्लिफायर लावला की त्याचं बोलणं कानावर येतं. जर्मनांनी अशा ऐकण्याच्या चौक्या उभारल्या आणि त्यांना 'मोरित्स' असं टोपणनाव दिलं. १ जुलै १९१६ च्या पहाटे, सोमच्या हल्ल्याला काही तास उरले असताना, ला ब्वासेलच्या मोरित्स चौकीने ब्रिटिश टेलिफोनवरचा एक तुकडा पकडला: वरिष्ठ जनरलचा सैनिकांसाठी शुभेच्छा संदेश. त्यात वेळ नव्हती, योजना नव्हती. पण हल्ल्याच्या आदल्या रात्रीच असे संदेश निघतात, हे कळायला जर्मन अधिकाऱ्यांना फार अक्कल लागली नसेल. ला ब्वासेलसमोर त्या सकाळी ब्रिटिशांच्या ३४ व्या डिव्हिजनची कत्तल झाली. त्याला कारणं बरीच होती, पण गावात कोणी गाफील नव्हतं हे त्यातलं एक. आम्हाला प्रशिक्षणात 'लाइनवर गप्पा नको' असं घोकून घेतात, ते याच जातीच्या अनुभवातून आलेलं आहे.

१९१७ च्या सप्टेंबरात तार, टेलिफोन, वायरलेस, दिव्याचे इशारे, कबुतरं, निरोपे कुत्रे हे सगळं एका शाखेत आणून तिला 'नाखरिख्टनट्रुप्पे' हे नाव मिळालं. शाखा एक झाली तरी तुकड्या मात्र लढणाऱ्या डिव्हिजनसोबतच राहिल्या. व्हर्सायच्या तहाने जर्मन लष्कर एक लाखावर आणलं, त्यातही सातही पायदळ डिव्हिजनना आपापली सिग्नल्सची तुकडी होती. ती रचना दुसऱ्या महायुद्धात तशीच फुगवली गेली.

आता गुडेरियान. लोक त्याला रणगाड्यांचा माणूस म्हणून ओळखतात. तो १९१४ च्या लढाईत घोडदळाच्या डिव्हिजनसोबत वायरलेस केंद्र सांभाळत होता हे कमी जणांना ठाऊक असतं. प्रत्येक रणगाड्यात वायरलेस हवा, आणि कमांडर मागे नकाशापाशी न बसता पुढे चालत्या गाडीत हवा, हा हट्ट त्याने धरला. १९४० च्या फ्रान्सच्या मोहिमेतला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे: अर्ध्या साखळीच्या गाडीत तो उभा, आणि समोर ऑपरेटर एनिग्मा या सांकेतिक लिपीच्या यंत्रावर वाकलेले. फ्रेंचांचे काही रणगाडे चिलखतात आणि तोफेत सरस होते, पण अनेकांत सेट नव्हते. जर्मन रणगाड्यांतला दहा वॅटचा सेट चालत्या गाडीतून बोलायचं तर दोन-तीन किलोमीटरच पोचे. तेवढंही पुरलं, कारण कंपनी कमांडरला तेवढंच लागत होतं. एनिग्माचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. एकच सांगतो: ब्लेच्ली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्राला मे १९४० पासून रोजच्या रोज वाचता आली ती जर्मन हवाई दलाची किल्ली, म्हणजे यंत्राची रोज बदलणारी मांडणी; लष्कराच्या किल्ल्या जास्त त्रासदायक ठरल्या. यंत्र मूळचं एकाच जातीचं. फरक पडला तो ऑपरेटरच्या शिस्तीत.

या सगळ्या यंत्रणेचा प्रमुख होता जनरल एरिष फेलगीबेल. हिटलरविरोधी कटात तो सामील होता, आणि २० जुलै १९४४ ला त्याच्यावर काम सोपवलेलं होतं ते पूर्व प्रशियातल्या हिटलरच्या 'वोल्फ्सशान्त्स' मुख्यालयाचं बाहेरच्या जगाशी असलेलं बोलणं तोडण्याचं. दुपारी १२:४२ ला बॉम्ब फुटला. थोड्याच वेळात फेलगीबेलला हिटलर धडधाकट चालताना दिसला. इथे घाबरून गप्प बसणारा माणूस जगला असता. त्याने बर्लिनला निरोप दिला की भयंकर घडलंय, हिटलर जिवंत आहे. आणि तरीही ठरल्याप्रमाणे लाइनी रोखायला लावल्या.

ही रोख काही तासच टिकली. 'त्याने एक्स्चेंज उडवून का दिलं नाही' असं पुष्कळदा विचारलं जातं. पण तिथे एकच एक्स्चेंज नव्हतं. पाच-सहा वाटांनी बाहेर जाणारं जाळं होतं, आसपासच्या गावांत रिपीटर केंद्रं होती, आणि कोणतंही एक केंद्र बंद पडलं तरी बोलणं चालू राहावं यासाठीच ते बांधलेलं होतं. फेलगीबेल स्वतःच्याच चांगल्या कामापुढे हरला. संध्याकाळी सातच्या सुमारास प्रचारमंत्री गोबेल्सच्या बर्लिनमधल्या घरातून मेजर रेमरला थेट हिटलरशी फोनवर बोलता आलं. रेमरची पलटण कटवाल्यांच्या हुकमाने सरकारी इमारती वेढायला निघालेली होती. ती तिथेच उलटली.

बर्लिनच्या मुख्यालयात टेलिप्रिंटरवर काय झालं ते तर शिकवण्याच्या लायकीचं आहे. कटाचे हुकूम पाठवायला आणले तेव्हा गुप्ततेचा वरचा दर्जा लावायचा का, असं विचारलं गेलं आणि 'हो' असं उत्तर मिळालं. झालं! वरच्या दर्जाचे संदेश गुप्तलेखनाच्या मोजक्या यंत्रांवर, परवानगी असलेल्या मोजक्या ऑपरेटरनीच पाठवायचे. बाकीची यंत्रं बसून राहिली आणि लांबलचक हुकूम बाहेर पडायला कित्येक तास लागले. नेहमीच्या वाटपयादीप्रमाणे त्यांच्या प्रती वोल्फ्सशान्त्सलाही गेल्या. बंड करणारे कर्नल-जनरल दर्जाचे, पण संदेशावरचा एक शिक्का काय करतो याचा विचार त्या गर्दीत कोणी केला नाही. फेलगीबेलला त्याच रात्री पकडलं आणि ४ सप्टेंबर १९४४ ला बर्लिनच्या प्लोट्सेन्झे तुरुंगात फाशी दिली. आज बव्हेरियात प्योकिंगला जर्मन लष्कराची माहिती-तंत्रज्ञानाची शाळा ज्या छावणीत आहे, तिला त्याचंच नाव आहे.

इथून तुमच्या बटालियनचा खरा काळ सुरू होतो. १९५५ नंतर पश्चिम जर्मनीने बुंडेसवेअर, म्हणजे आजचं जर्मन लष्कर, उभारलं तेव्हा शाखेला 'फेर्नमेल्डेट्रुप्पे' हे नाव दिलं, रंग लिंबासारखा पिवळा. प्रत्येक डिव्हिजनला आपली एक फेर्नमेल्डे बटालियन आणि तिचा क्रमांक डिव्हिजनचाच: तिसऱ्या डिव्हिजनची ३ क्रमांकाची बुक्स्टेहूडेला, पहिल्या डोंगरी डिव्हिजनची (डिव्हिजनांच्या क्रमवारीत ती आठवी) ८ क्रमांकाची मुर्नाउला, दहावीची झिगमारिंगेनला, बारावीची फाइट्सह्योखहाइमला. वर तीन कोअर (इथे अर्थ अनेक डिव्हिजनची मिळून मोठी फौज) होत्या, म्युन्स्टर, उल्म आणि कोब्लेंट्स इथे. त्यांच्या बटालियनचे क्रमांक तीन आकडी आणि पहिला आकडा कोअरचा. कोब्लेंट्सच्या तिसऱ्या कोअरच्या ३१० आणि ३२०, दुसरीची डोनाउव्योर्टला २२०. क्रमांक वाचला की मालक कळायचा. तुकडी आणि तिचा सेनापती यांची गाठ इतकी पक्की पुढे कधी राहिली नाही.

काम कसं चालायचं ते पाहा. सत्तरच्या दशकात कोअरसाठी 'ऑटोको' नावाचं स्वयंचलित जाळं आलं. जुनी पद्धत म्हणजे मुख्यालयापासून मुख्यालयापर्यंत लाइन. मुख्यालय हललं की सगळं उपटून पुन्हा टाका. नव्या पद्धतीत मुख्यालयांचा विचार बाजूला ठेवून अख्ख्या प्रदेशावर टेकड्या-टेकड्यांवर एक्स्चेंजच्या गाड्या पसरायच्या, त्या एकमेकींना रेडिओ रिलेने, जर्मन त्याला रिख्टफुंक म्हणतात, जोडायच्या. मुख्यालय कुठेही जावो, जवळच्या दोन टेकड्यांना जोडून घ्यायचं. एक टेकडी गेली तर कॉल दुसऱ्या वाटेने वळतो. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात आलेल्या 'एरेन' जाळ्याचा विचारही याच वळणाचा, त्यामुळे जर्मन आकृत्या पाहिल्या की परकं काही वाटत नाही.

प्रत्यक्षात हे म्हणजे एका युनिमॉग ट्रकवर कॅबिन, मागे जनरेटरची गाडी, एक उभा करायचा मास्ट आणि तीन-चार पोरं, कुठल्याशा जंगली टेकडीवर दिवसच्या दिवस. त्यांना तिथे पाठवण्याआधी नकाशावर रेघ मारून छेद काढावा लागतो. समजा दोन टेकड्यांत ४० किलोमीटर अंतर आहे. मधोमध पृथ्वीचा फुगवटाच साडेतेवीस मीटर भरतो, आणि तो लहर हवेत किंचित वाकते हे धरून. त्यावर लहरीला अंग पसरायला जागा हवी: एक गिगाहर्ट्‌झला मध्यावर साधारण पंचावन्न मीटर त्रिज्या, त्यातली साठ टक्के तरी मोकळी ठेवायची. म्हणजे मधल्या जमिनीवरून रेघ पंचावन्न-साठ मीटर उंच जायला हवी, आणि झाडं असतील तर त्यांची उंची वेगळी. नकाशा वीस वर्षांपूर्वीचा असेल तर त्यावरचं रोपवन आता पंधरा मीटरचं झालेलं असतं. कोरड्या दुपारी लिंक झकास चालते आणि रात्री पावसात भिजलेल्या पानांनी बसते. जर्मन जंगलात हे दुखणं आपल्या सह्याद्रीपेक्षा कमी नाही. बटालियनचा इतिहास लिहिणारे संचलनं आणि कमांडरांची नावं लिहितात. टेकडीवरच्या पोरांनी मास्ट किती वेळात उभा केला ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि बटालियन चांगली की वाईट ते तिथेच ठरतं.

शिवाय त्या काळात सक्तीच्या भरतीमुळे नागरी जीवनात टेलिफोनचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम शिकलेली मुलं आपोआप मिळत. जुलै २०११ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि हा ओघ आटला. याचा फटका पायदळापेक्षा सिग्नल्सला जास्त बसला असं माझं मत आहे.

१९९० नंतर समोरचा शत्रूच गेला. कोब्लेंट्सची तिसरी कोअर १९९४ मध्ये मोडली. म्युन्स्टरची पहिली १९९५ मध्ये जर्मन-डच कोअर झाली, आणि तिच्या सिग्नल्स बटालियनमध्ये दोन्ही देशांची माणसं एकत्र आली. सोमालिया, बोस्निया, कोसोव्हो अशा दूरच्या कामगिऱ्या सुरू झाल्या. तिथे डिव्हिजन जात नाही. इथून एक पलटण, तिथून एक कंपनी असं गाठोडं जातं, आणि त्याला जर्मनीपर्यंत बोलायचं असतं. टेकड्यांचं जाळं इथे कुचकामी. उपग्रहाची तबकडी, संगणकाचं जाळं आणि छावणीतले फोन हवेत. २००० साली तिन्ही दलांच्या सामायिक गरजांसाठी 'श्ट्राइटक्रेफ्टेबाझिस' ही वेगळी शाखा काढली आणि सिग्नल्सचा मोठा भाग तिथे वळवला. 'नेतृत्व-साहाय्य' हे नाव या काळात रुळलं. क्रमांकही बदलले: २८, २९, ३८ क्रमांकांची रेजिमेंटं आणि त्यांखाली २८१, २८२, २९२, २९३, ३८१, ३८३ अशा बटालियन. पुढे रेजिमेंटं मोडली, क्रमांक तेवढे राहिले. त्यामुळे तुमच्या २८१ मधला २८ हा कुठल्या डिव्हिजनचा किंवा कोअरचा क्रमांक नाही. तो एका आता नसलेल्या रेजिमेंटचा आहे.

ही केंद्रीकरणाची चाल तेव्हा चुकीची नव्हती. अफगाणिस्तानात मझार-ए-शरीफ, कुंदुझ, फैझाबाद इथल्या छावण्या वर्षानुवर्षं चालवायच्या तर सिग्नल्सची माणसं एका ठिकाणाहून पाळीने पाठवणं हाच शहाणपणा. ऑक्टोबर २००९ आणि मे २०१० मध्ये जर्मन लष्कराचे स्वतःचे दोन दळणवळण उपग्रह फ्रेंच गयानातल्या कुरूहून सुटले, तेव्हा या बटालियनच्या हातात खरं बळ आलं. पण किंमत घरी चुकवावी लागली. डिव्हिजनच्या जुन्या बटालियन एकेक करून गेल्या आणि ब्रिगेडकडे, डिव्हिजनकडे मुख्यालय-व-सिग्नल्सची एकेक कंपनी उरली. छावणीत बसलेल्या फौजेला ते चालतं. दर काही तासांनी मुख्यालय हलवावं लागणाऱ्या डिव्हिजनला चालत नाही. २०१४ मध्ये क्रिमियानंतर हे सगळ्यांना दिसलं, दुरुस्तीला मात्र वर्षं लागत आहेत.

२०१७ च्या एप्रिलमध्ये सायबर आणि माहितीक्षेत्राची वेगळी शाखा उभी राहिली आणि नेतृत्व-साहाय्य बटालियन तिच्याखाली गेल्या. तिथून 'इन्फॉर्मेशनटेक्निक' हे तिसरं नाव: गेरोल्स्टाइन २८१, कास्टेलाउन २८२, डिलिंगेन २९२, मुर्नाउ २९३, श्टोर्को ३८१, एरफुर्ट ३८३. एप्रिल २०२४ मध्ये या शाखेला भूदल, नौदल, हवाई दलाच्या बरोबरीचं चौथं दल करायचं जाहीर झालं आणि श्ट्राइटक्रेफ्टेबाझिसचा स्वतंत्र संसार आवरला. नाव ऐकून हे सर्व्हर रूममधले लोक वाटतील. तसं नाही. गाडी, मास्ट, जनरेटर, तबकडी आणि चिखल हे अजूनही आहेच. कॅबिनच्या आत राउटर वाढलेत एवढंच.

गाडीतल्या साध्या वायरलेसची कथा याहून वाईट. 'सेम ८०/९०' हा सेट ऐंशीच्या दशकातला. तो बदलायचं इतकी वर्षं रेंगाळलं की २०२१ मध्ये त्याच सेटची नवी प्रतिकृती बनवून घ्यायचा, सुमारे ६० कोटी युरोंचा विचार बातम्यांत आला. डिसेंबर २०२२ मध्ये अखेर नव्या डिजिटल सेटचं कंत्राट रोडे अँड श्वार्त्स या कंपनीला मिळालं. मग २०२३ मध्ये कळलं की सेट येताहेत, पण ते हजारो वेगवेगळ्या गाड्यांत बसवायचे कसे याची तयारी नाही. गाडीत सेट बसवणं म्हणजे चार बोल्ट नव्हेत: बॅटरी पुरते का, अल्टरनेटर पुरतो का, अँटेना कुठे, शेजारच्या सेटशी किंवा इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक्सशी भांडतो का, हे प्रत्येक प्रकारच्या गाडीत वेगळं तपासावं लागतं. फायलीवर सही करणाऱ्याला हे दिसत नाही. वर्कशॉपच्या हवालदाराला पहिल्या दिवशी दिसतं.

आणि बोलण्याची शिस्त? मार्च २०२४ मध्ये जर्मन हवाई दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची टॉरस क्षेपणास्त्रांवरची चर्चा रशियाने जगजाहीर केली. बैठक बाजारात मिळणाऱ्या व्हिडिओ-मीटिंगच्या सॉफ्टवेअरवर होती आणि एकजण सिंगापूरहून असुरक्षित वाटेने जोडला गेला होता. ला ब्वासेलला निदान जमिनीत खुंट्या ठोकाव्या लागल्या होत्या.

राहिला वंशावळीचा प्रश्न. वेअरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन लष्कराच्या, सिग्नल्स तुकड्या १९४५ मध्ये संपल्या आणि बुंडेसवेअरने त्यांचा वारसा अधिकृतपणे घेतलेला नाही. परंपरेविषयीचे हुकूम १९६५, १९८२ आणि २०१८ मध्ये निघाले; शेवटच्यात स्पष्ट आहे की संस्था म्हणून वेअरमाख्ट परंपरेला पात्र नाही, प्रतिकार करणाऱ्या व्यक्तींचा मान राखता येतो. फेलगीबेलचं नाव छावणीला चालतं ते त्यामुळे. म्हणून २८१ ची मुळं १८९९ च्या कोब्लेंट्स बटालियनपर्यंत ओढू नका, दोन्ही गावं एकाच मुलखात असली तरी. माजी सैनिकांच्या मंडळांच्या पत्रकांत अशा ओढाताणीच्या वंशावळी दिसतात. त्या आठवणींसाठी ठीक, पुराव्यासाठी नाहीत.

शोध घ्यायचाच असेल तर फ्रायबुर्गच्या लष्करी दप्तरखान्यापासून सुरुवात करा. १९४५ पर्यंतच्या भूदलाचे कागद 'आर-एच' आणि बुंडेसवेअरच्या भूदलाचे 'बी-एच' या खुणेखाली लावलेले आहेत. तुकडी शोधताना नावाने शोधू नका. क्रमांक, गाव आणि वरचं मुख्यालय या तिन्हींनी शोधा, कारण नाव बदललं की फाइल दुसऱ्या कपाटात गेलेली असते. २००० नंतरच्या बटालियनचे कागद तर भूदलाऐवजी सामायिक शाखेच्या दप्तरात असणार हे धरून चला. पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जायचं असेल तर प्रशियाच्या लष्कराचा दप्तरखाना एप्रिल १९४५ च्या पोट्सडामवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाला, तिथे हाती फार लागणार नाही. बव्हेरियाचं लष्कर तेव्हा वेगळं होतं, त्याच्या टेलिग्राफ तुकड्याही वेगळ्या, आणि त्यांचे कागद म्युनिकच्या युद्ध-दप्तरखान्यात शाबूत आहेत. त्या काळातला सिग्नल्सचा रोजचा कारभार बघायचा तर तिथेच जा, आणि जुनी जर्मन हस्तलिपी वाचणारं कोणीतरी सोबत न्या.